आधी तास मोजा, मग पैसे

परवा दुपारी एका मैत्रिणीचा फोन आला. तशी ती माझी वाचक, पण पुरवणीच्या निमित्ताने दोन-तीनदा बोलणं झालेलं, त्यामुळे आता मैत्रीणच. एरवी भरभरून बोलणारी ही मुलगी त्या दिवशी अगदी पडेल आवाजात म्हणाली, "ताई, मी सोडून दिलं ते काम. आपल्यासारख्यांचं नाही हो ते."

काम कुठलं, तर व्हर्च्युअल असिस्टंटचं. नाव भारदस्त असलं तरी काम आपल्या ओळखीचंच आहे. दुसऱ्याच्या ऑफिसातली कामं आपल्या घरून, कॉम्प्युटर आणि फोनवरून करून द्यायची. डॉक्टरांच्या पेशंटना अपॉइंटमेंटची आठवण करायची, क्लासवाल्यांच्या फीची यादी ठेवायची, साडीच्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी वहीत उतरवायच्या, कोकणातल्या एखाद्या घरगुती लॉजचं बुकिंग सांभाळायचं, कुणाचे ईमेल बघायचे, कुणाची बिलं तयार करायची. पूर्वी ऑफिसात टेबलामागे बसून जे काम क्लार्क किंवा सेक्रेटरी करायची, तेच आता घरातल्या टेबलावरून.

ही मैत्रीण या कामाला अगदी योग्य. बी.कॉम. झालेली, एमएस-सीआयटी केलेली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा चाळीसच्या वेगाने पास. लग्नाआधी तीन वर्षं पतसंस्थेत नोकरी. आता मुलगी चौथीत, सासूबाईंना मधुमेह. तालुक्याच्या गावी नोकरी मिळेना, मिळाली तर वेळ जुळेना. मग एक दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, 'घरबसल्या कमवा महिना पन्नास हजार'. ही हुशार. म्हणाली, पन्नास नको, आपण निम्मे धरू. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'तीन महिन्यांत महिना २५,०००.' खाली तारीख, सही, सगळं.

पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या महिन्यात गावातल्या एका दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं आणि हिशेबाचं काम मिळालं. महिनाअखेर हातात पडले २,८०० रुपये. नवरा म्हणाला, "नेटचा खर्च तरी निघाला का?" सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं." आणि हिने वही माळ्यावर टाकली.

मी तिला एकच विचारलं, "अगं, २,८०० रुपये किती तासांत मिळाले?"

"ते काही मोजलं नाही ताई."

मग फोनवरच आम्ही दोघींनी मोजायला घेतलं. आठवड्याचे सहा दिवस, कधी पाऊण तास, कधी तास. महिन्याचे झाले वीस तास. म्हणजे ताशी १४० रुपये. मी विचारलं, "पतसंस्थेत पगार काय होता?" म्हणाली, सात हजार. रोज आठ तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे २०८ तास. भागून बघा, ताशी ३४ रुपयेसुद्धा पडत नाहीत. पगार दहा वर्षांपूर्वीचा हे खरं, महागाई वाढली हेही खरं. तरी ज्या कामाला ती 'जमलं नाही' म्हणत होती, त्यात तिच्या एका तासाची किंमत नोकरीच्या चौपट झाली होती. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "हे असं मी बघितलंच नव्हतं."

मैत्रिणींनो, आजचा विषय हाच. कामात काही चूक नव्हती. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं उद्दिष्ट चुकलं होतं. चुकीच्या उद्दिष्टाने एक चांगली कामसू बाई स्वतःला नालायक ठरवून मोकळी झाली. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण असे फोन एकीचे नाहीत. बार्शी असो, चाळीसगाव असो की सावंतवाडी, आपल्यातल्या कितीतरी जणी असंच काहीतरी सुरू करतात आणि तिसऱ्या महिन्यात बंद करतात. एकदा बंद केलं की पुढच्या वेळी घरात काही नवीन सुरू करण्याचा विषय काढायचीसुद्धा चोरी होते.

आता तिचे २५,००० आपण ताशी १४० ने भागून पाहू. येतात साधारण १७९ तास. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोज जवळजवळ सात तास, आणि तेही सगळे पैसे मिळवून देणारे. हे सात तास ती आणणार कुठून?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. त्यात असं दिसलं की घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि घरकामात हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे आपले पावणेपाच तासांहून जास्त आणि त्यांचा दीड तासही नाही. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं करण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. व्हिडिओत पन्नास हजारांचं स्वप्न दाखवणारा माणूस हे तास कधी धरतो का? तो फक्त रक्कम सांगतो. आणि आपणही आपल्या आयुष्यातले तास न मोजता ती रक्कम वहीत उतरवून घेतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की सुरुवात रकमेपासून करूच नये. सुरुवात तासांपासून करावी. एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहून काढा. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत, कुठला तास कशात गेला. पाणी येण्याची वेळ, डबे, शाळेची रिक्षा, आजींची औषधं, दुपारची वीज जाण्याची वेळ, सगळं. आठवडाअखेर जे खरोखरचे मोकळे तास दिसतील, ते आपलं भांडवल. बहुतेकींना ते दिवसाला दीड-दोन तासांच्या वर दिसणार नाहीत. दिसले नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. दहा रुपये खिशात असताना दहाचाच बाजार करायचा असतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

समजा आठवड्याला दहा तास निघाले. या दहाही तासांचे पैसे मिळत नाहीत, हे आधीच समजून घ्यायला हवं. नवीन क्लायंट शोधणं, त्यांच्याशी बोलणं, बिल करणं, झालेली चूक दुरुस्त करणं, नवीन काही शिकणं, यात चार तास सहज जातात. उरले सहा. महिन्याचे चोवीस. ताशी १४० ने झाले ३,३६०. आमच्या मैत्रिणीने तिसऱ्याच महिन्यात वीस तासांचं पैशाचं काम केलं होतं. म्हणजे तिच्याजवळ जेवढे तास होते, त्या मानाने ती जवळजवळ काठावर पोचली होती. वहीत २५,००० च्या जागी '२४ तास' लिहिलेलं असतं, तर त्याच महिन्यात तिने घरात शिरा केला असता!

उद्दिष्टं दोन प्रकारची असतात. एक आपल्या हातातली आणि दुसरी दुसऱ्याच्या हातातली. 'या महिन्यात पाच क्लायंट मिळवीन' हे दुसऱ्याच्या हातातलं. डॉक्टरांनी हो म्हणायचं की नाही, हे तुम्ही ठरवू शकत नाही. 'या महिन्यात ओळखीच्या वीस जणांना माझ्या कामाबद्दल सांगेन' हे मात्र तुमच्या हातातलं. सुरुवातीचे सहा महिने फक्त हातातलीच उद्दिष्टं वहीत लिहावीत. ती पूर्ण झाली की बरोबरची खूण करायची. खूण करताना जो धीर येतो, त्यावरच पुढचा महिना निघतो.

साधारण कसं ठरवावं, ते सांगते. पहिल्या महिन्यात कमाईचा आकडा शून्य ठेवा. फक्त दोन कामं निवडा, जी तुम्हाला आधीपासून येतात. पतसंस्थेत काम केलेलीने हिशेब आणि बिलं घ्यावीत, बोलण्यात चतुर असलेलीने फोन आणि अपॉइंटमेंट घ्याव्यात, मराठी टायपिंग पक्कं असलेलीने पत्रं आणि जाहिरातींचे मजकूर घ्यावेत. 'सगळं करून मिळेल' असं लिहिलं की कुणालाच काही कळत नाही. निवडलेल्या कामांचे दोन-तीन नमुने करून ठेवा. खोटी नावं घालून केलेली फीची यादी चालेल, एक नीट बिल चालेल. समोरच्याला दाखवायला काहीतरी हवं.

दुसऱ्या महिन्यात वीस जणांना सांगा. पहिला क्लायंट बहुधा परदेशातून येत नाही, आपल्या गल्लीतूनच येतो. क्लासचे सर, मेडिकलवाले काका, माहेरच्या गावचा आंब्याचा व्यापारी, मैत्रिणीचा सीए भाऊ. सांगताना लाजू नका. उधारीवर मागत नाही आहात, काम करून देणार आहात. यातून एक जण जरी हो म्हणाला, तरी तो महिना पावला.

तिसऱ्या महिन्यात नवीन शोधाशोध थोडी कमी करून त्या एकाचं काम चोख करा. वेळेवर, न चुकता आणि विचारलं तर लगेच उत्तर. या कामात विश्वासाचेच पैसे मिळतात. ईमेलचा मसुदा, भाषांतर, यादी लावणं ही कामं आता चॅटजीपीटीसारखी साधनं चुटकीसरशी करतात, तीही वापरायला शिका. नुसत्या टायपिंगवर फार दिवस भागणार नाही, हे मी स्पष्टच सांगते. पण अमुक पेशंट दोनदा आलाच नाही, त्याला जरा फोन करून बघू या, हे ध्यानात ठेवणारं माणूस लागतंच. आणि हो, क्लायंटच्या गिऱ्हाइकांची नावं, नंबर, हिशेब अशा कुठल्याही साधनात घालण्याआधी क्लायंटला विचारा. ती माहिती आपल्याकडे ठेवायला दिलेली आहे, आपली नाही.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात मग रकमेचं उद्दिष्ट लिहा, आणि ते आतापर्यंतच्या तासांवरून काढा. चोवीस तासांचे पैसे मिळत असतील तर पुढे तीस तास होतात का, की ताशी १४० चे १६० करता येतात, एवढाच प्रश्न. सहा महिन्यांत एकही क्लायंट मिळाला नाही, तर काय करायचं हेही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. कामाचा प्रकार बदलायचा, सांगायची पद्धत बदलायची, कुणा अनुभवीला नमुने दाखवून विचारायचं. 'मीच नालायक' हा पर्याय त्या यादीत ठेवायचा नाही.

परदेशी क्लायंटचं आकर्षण सगळ्यांना असतं. वाईट नाही, पण तिथेही आधी घड्याळ बघा. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. नेमकी कुकर लावायची वेळ. लंडनचे नऊ म्हणजे आपले दुपारी दीड किंवा अडीच. सिडनीचे दुपारचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ, डबे गेल्यानंतरची वेळ. तुमचे मोकळे तास दुपारचे असतील तर अमेरिकेच्या मागे धावून रात्री जागण्यात काय अर्थ? संकेतस्थळांवरून काम घेणार असाल तर त्यांची कापणीही आधी धरा. फायव्हर हे संकेतस्थळ कामाच्या रकमेतले २० टक्के स्वतःकडे ठेवतं. हजाराचं काम केलं तर हातात आठशे.

मोठ्या आकड्याच्या उद्दिष्टाचा आणखी एक धोका आहे, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. ज्या बाईला तीन महिन्यांत पंचवीस हजार मिळवायचेच आहेत, ती घाबरीघुबरी होऊन कुठल्याही जाहिरातीला फोन करते. 'नोंदणीचे फक्त दोन हजार भरा, काम लगेच' असं म्हणणारे तिचीच वाट बघत असतात. काम देणारा कामाआधी पैसे मागत नाही, हा नियम पाठ करून ठेवा. व्हिडिओला लाइक करा, रिव्ह्यू द्या, मग 'टास्क'साठी थोडे पैसे गुंतवा, असं सांगणारे सगळे ठकच. डेटा एंट्रीचा करार करून घेतात, नंतर चुका काढतात आणि 'करार मोडला, दंड भरा, नाहीतर कोर्टात खेचू' असं धमकावतात, हाही जुनाच प्रकार. त्या धमकीला घाबरून पैसे पाठवू नका. आणि पैसे घ्यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता घरच्यांविषयी. उद्दिष्ट फक्त आपल्या वहीत राहिलं तर ते पूर्ण होत नाही. 'दुपारी दोन ते साडेतीन मी कामात आहे' हे घरात सगळ्यांना माहीत हवं. आपल्याकडे बाई मोबाइल घेऊन बसली की ती रिकामी आहे असंच धरतात. दळण आणून दे, पाहुणे आलेत चहा टाक, जरा माझा शर्ट कुठे आहे बघ. यात रागावून उपयोग नाही, सांगून उपयोग आहे. मोकळ्या तासांचा तो कागद नवऱ्यासमोर ठेवा. "माझ्याकडे आठवड्याचे दहा तास आहेत. तुम्ही संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतलात तर तेरा होतील," असं आकड्यात सांगा. आपल्या तक्रारीला पुरुष माणसं कान देत नाहीत, पण हिशेबाला देतात, असा माझा अनुभव आहे. ८८ मिनिटांची शंभर झाली तर कुणाचं काही बिघडत नाही.

आणि 'नेटचा खर्च तरी निघाला का' या प्रश्नाचं उत्तरही वहीत असू द्या. नेट, मोबाइल, इन्व्हर्टरची बॅटरी, यातला कामापुरता खर्च एका बाजूला आणि मिळकत दुसऱ्या बाजूला. पैसे आपल्या नावाच्या खात्यातच घ्या. काम सुरू करताना काय करणार, किती तास, किती पैसे आणि कधी, हे व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत का होईना लिहून घ्या. नवीन माणूस असेल तर निम्मे पैसे आधी मागा. "ताई, एवढंसंच काम आहे, जाता जाता करून टाका ना," असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. एवढंसं काम म्हणता म्हणता अर्धा तास जातो, आणि आपल्याकडे दिवसाला असतात दीड-दोन तास, हे विसरू नका.

अशा वेळी आपण नेहमी लिज्जत पापडाचं उदाहरण देतो. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून केवढा उद्योग उभा राहिला. त्यातल्याच जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण ही गोष्ट आपण शेवटाकडून सांगतो, कोट्यवधींच्या उलाढालीपासून. सुरुवात बघितली तर पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली होती. चार! त्या दिवशी त्यांनी गच्चीवर बसून कोटींचं उद्दिष्ट ठेवलं असतं, तर चार पाकिटं बघून दुसऱ्या दिवशी लाटणी गुंडाळून ठेवली असती.

मोठी स्वप्नं बघूच नयेत असं मी म्हणत नाही. जरूर बघा. मुलगी मोठी होईल, तास वाढतील, हात बसेल, दर वाढेल. पाच वर्षांनी पंचवीस हजारांच्या पुढेही जाल. पण पाच वर्षांनंतरचा आकडा पहिल्या महिन्याच्या पानावर लिहून स्वतःला रोज नापास करू नका. आपल्याला नापास ठरवायला आजूबाजूला माणसं काय कमी आहेत?

आमच्या मैत्रिणीचा काल पुन्हा फोन आला होता. वही माळ्यावरून खाली आली आहे. पहिलं पान तिने फाडलं नाही, नुसतं उलटलं. दुसऱ्या पानावर लिहिलंय, 'या महिन्यात २४ तास.' दवाखान्याचं काम तिने परत मागून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, आम्ही वाटच बघत होतो." दवाखान्यात पेशंट म्हणून येणाऱ्या एका क्लासच्या सरांनीही चौकशी केली आहे. होईल की नाही, माहीत नाही. ते सरांच्या हातात आहे.

तुमच्यापैकी ज्या सुरुवात करू बघताहेत, त्यांनी या रविवारी एवढंच करावं. दुपारची आवराआवर झाली की एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर सोमवार ते रविवार लिहावं. रकमेचा रकाना सध्या आखूसुद्धा नका. आठवडाभर तास लिहा आणि तुमचे किती निघाले, ते मला जरूर कळवा.